काळी मोटार आणि नवरदेवाचा कान

फार लांबची गोष्ट नाही, फार जुनीही नाही. एका गावात सदबा नावाचा एक भोळा माणूस होता आणि त्याच्याकडे एक काळी मोटार होती. भोळी माणसं गावात आणखीही होती, पण मोटार एकच होती. म्हणून ही गोष्ट सदबाची.

सदबाचे वडील साखर कारखान्यात साहेबांची मोटार चालवत. ते निवृत्त झाले त्याच वर्षी मोटारही निवृत्त झाली आणि दोघं एकाच दिवशी घरी आली. पुढे वडील गेले. आई त्याआधीच गेली होती. राहिले सदबा, त्याची धाकटी बहीण शेवंता, गजराआत्या आणि मोटार.

सदबा कामाला वाघ. अंगात आळस नाही, मनात कपट नाही. खोट एकच. सांगितलेलं तो तंतोतंत ऐके. "दाराकडं बघ जरा," म्हणून आत्या बाजाराला गेली, तर ती परत येईपर्यंत हा दाराकडे बघत बसला. मांजर त्याच दारातून आलं, दूध प्यायलं आणि त्याच दारातून गेलं. आत्यानं विचारलं तेव्हा त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की येताना बघितलं आणि जातानाही बघितलं.

गाव हसे. शेवंताही हसे. पण हसून झालं की ती त्याला तीच गोष्ट पुन्हा, सावकाश समजावून सांगे. अख्ख्या गावात तेवढं करणारी ती एकटीच होती. म्हणून तिचं लग्न ठरलं तेव्हा सदबाला आनंद झाला आणि वाईटही वाटलं.

नवरा मुलगा उत्तम जगदाळे. गरीब स्वभावाचा, कमी बोलणारा. त्याच्या वाटचं बोलणं बापच बोलून टाकी. जगदाळेतात्या म्हणजे मोठं प्रस्थ. तुऱ्याचा फेटा, पिळदार मिशा आणि जिथं स्वतःचं तोंड दिसेल तिथं थांबायची सवय. विहिरीत वाकून बघत. पितळी तांब्यात बघत. चहा आला की आधी कपात बघत, मग पीत.

लग्नाला आठ दिवस असताना तात्या येऊन बसले. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, "नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवात येणार तो ह्याच मोटारीतनं. पण काळी मोटार म्हंजी आरसा पायजे. माझं तोंड दिसलं पायजे तिच्यात. न्हाई दिसलं तर आमची गाडी आमी आणू. पण ते मी इसरणार न्हाई."

तात्या विसरणार नाहीत म्हणजे काय, हे आत्याला बरोबर कळलं. शेवंताला जन्मभर ऐकावं लागणार. भाजीत मीठ कमी पडलं तरी मोटार निघणार. सुनेला माहेरचा टोमणा कसा लागतो ते आत्या स्वतः सोसून आली होती. तिला रात्रभर झोप आली नाही.

सोमवारी सकाळी तिनं सदबाला हाक मारली. लग्नाचा तांब्याचा हंडा आणि मोटार, दोन्ही लखलखीत करायला सांगितलं. चिंच, राख आणि काथ्या ओट्यावर ठेवलाय म्हणाली. गोल गोल घास, हयगय करू नको म्हणाली. आणि आवतणं द्यायला निघून गेली.

सदबानं हंडा घासला. मग तोच काथ्या घेऊन मोटार घासली. चिंच लावली, राख लावली, गोल गोल घासलं, हयगय केली नाही. दुपारी आत्या आली तेव्हा ऊन थेट बॉनेटवर पडलं होतं. त्या उन्हात साऱ्या काळ्या रंगावर गोल गोल बारीक चरे उठले होते, जणू कोळ्यानं पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत जाळं विणलं होतं. तात्यांचं तोंड सोडा, त्यात सूर्यसुद्धा धड दिसत नव्हता.

आत्या मटकन खाली बसली. "आरं मुडद्या, ते हंड्याचं हुतं!"

"मग तसं म्हणायचं," सदबा म्हणाला.

तालुक्याला मशीनवर मोटारी चमकवून देणारं एक दुकान होतं. सदबा तिकडे जाऊन आला. त्यांनी सांगितलेल्या पैशात मांडव, बँड आणि वर एक बोकड झाला असता. तेव्हा शेवंतानंच मुबारकभाईचं नाव काढलं. मुबारकभाईनं जन्मभर ट्रक रंगवले होते. आता डोळे अधू झाल्यामुळे तो ओढ्यापलीकडच्या वाडीत बाजेवर बसून असायचा.

मंगळवारी सदबानं मोटार त्याच्या दारात नेली. मुबारकभाईनं बॉनेटला नाक लावून बघितलं, बोटाच्या पेरानं चाचपलं आणि म्हणाला, "वरच्यावर हायती चरे. हातानं निघतील. खर्च काय न्हाई. जुनं मऊ धोतर, दात घासायची पांढरी पेस्ट, खोबरेलाचं चार थेंब आणि अक्कल." मग त्यानं सदबाकडे नीट बघितलं. "अक्कल मी रोज थोडी थोडी देतो. एकदम दिली तर तुला पचायची न्हाई."

पहिल्या दिवसाची अक्कल अशी होती. धूळ बसलेली असली की कोरडं फडकं लावायचं नाही. धुळीचे कणच रंगाला ओरबाडतात. एक बादली साबणाची, एक बादली साध्या पाण्याची. आधी पाणी, मग हात.

"आधी पाणी, मग हात. आधी पाणी, मग हात," घोकत सदबा गावात आला. देवळापाशी बाळू गुरवानं त्याला थांबवलं. लग्नात भजनी मंडळ गाणार होतं आणि बाजाच्या पेटीवर वर्षाची धूळ साचली होती. गुरवाला शेतात जायची घाई. तेवढी पेटी पुसून ठेव म्हणाला आणि गेला.

सदबानं फडकं उचललं आणि लगेच खाली ठेवलं. धूळ होती. मग त्यानं एक बादली साबणाची आणली, एक बादली साध्या पाण्याची आणली, आणि दोन्ही पेटीवर ओतल्या. पेटी स्वच्छ झाली. संध्याकाळी मंडळी जमली, बुवांनी डोळे मिटून सा लावला, आणि पेटीतून फुगा आला. रे ला दोन फुगे आले. गुरव पेटी उलटी धरून अर्धा तास उभा राहिला.

आत्या म्हणाली, "आरं मुडद्या, ते मोटारीचं हुतं!"

"मग तसं म्हणायचं."

शेवंतानं त्याला जेवताना समजावलं की पाणी चालतं तिथंच घालायचं. सदबानं मान हलवली आणि बुधवारी पुन्हा ओढा ओलांडला.

दुसरी अक्कल आणखी छोटी होती. उन्हात तापलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. सावलीत न्यायची, गार होऊ द्यायची, मगच पुढचं काम. पेस्ट तापल्या पत्र्यावर लगेच सुकते आणि चरा वाढतो, हे मुबारकभाईनं सांगितलं, पण तेवढं सदबाच्या लक्षात राहिलं नाही. सावली आणि गार एवढंच राहिलं.

घरी माळवदावर आत्यानं लग्नाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. सदबाला वर पाठवताना तिनं बजावलं की दुपारी एकदा उलटून टाक, बाकी काही करू नको. सदबानं पहिल्या कुरडईला बोट लावलं. चांगलीच तापली होती. त्यानं सगळ्या कुरडया गोळा केल्या, गोठ्यातल्या गार अंधारात नेल्या आणि लवकर गार व्हाव्यात म्हणून ओल्या पोत्यांखाली झाकल्या. संध्याकाळी आत्यानं पोतं उचललं. तीन दिवस खपून तिनं चिकाच्या कुरडया केल्या होत्या. त्यांचा पुन्हा चीक झाला होता.

आत्यानं पुढचं वाक्य म्हटलं, सदबानं त्याच्या पुढचं. ते आता आपल्याला पाठच आहे.

गुरुवारी मुबारकभाईनं तिसरी अक्कल दिली. कुठलंही काम आधी कोपऱ्यात करून बघायचं. लोकांच्या नजरेत येणार नाही अशा एका कोपऱ्यात. तिथं जमलं तर पुढे जायचं, नाही जमलं तर तिथंच थांबायचं. "पेंटरची इज्जत कोपऱ्यात असते," असं तो म्हणाला, आणि सदबाला ते फार आवडलं.

त्या दिवशी त्याच्याकडे सोपं काम होतं. रुखवतात मांडायला एकशे एक नारळाच्या वड्या खालच्या आळीच्या तानूमावशीनं करून ठेवल्या होत्या. त्या ताटातून घरी आणायच्या. आत्यानं जाताना सांगितलं की खवट निघाली तर वरपक्षात शोभा होईल, तेव्हा बघून आण. सदबानं वडी बघितली. वडीला चार कोपरे होते. त्यानं एक कोपरा खाऊन बघितला. जमलं होतं. पण एका वडीवरून दुसरीचं काय सांगता येतं? मोटारीचंसुद्धा दार वेगळं आणि छत वेगळं. तो वाटेवरच्या पारावर बसला आणि त्यानं एकशे एक वड्यांचा एकेक कोपरा बघितला. शेवटी शेवटी त्याला मळमळत होतं, पण त्यानं काम अर्धवट सोडलं नाही.

आत्या ताटाकडे बघत राहिली. सदबाच म्हणाला, "एकेकच कोपरा घेतलाय आत्ती. तीन तसंच हायती."

शेवंतानं हसत हसत सुरी घेतली. प्रत्येक वडीचे उरलेले तीन कोपरे कापून तिनं सगळ्या वड्या गोल केल्या आणि मधोमध एकेक केशराची काडी टोचली. पाहुण्यांना वाटावं की ही इकडची पद्धतच आहे. मग ती भावाशेजारी बसली आणि तीनशे तीन कोपऱ्यांतला एक त्याच्यासमोर धरला. सदबानं तोंड फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं नारळाच्या वडीला नाही म्हटलं.

"मी गेल्यावर तुला कोण सांगंल रं समदं," ती म्हणाली. सदबा उठून मोटारीत जाऊन बसला.

शुक्रवारची अक्कल सर्वात महत्त्वाची. मुबारकभाईनं त्याचा हात हातात धरून बॉनेटवरून फिरवला. "गोल फिरवलास म्हणून तर गोल चरे पडले. आता गोल न्हाई. सरळ जायचं. पुढनं मागं, एका रेघेत, हलक्या हातानं. मधी काय बी आलं तरी वळायचं न्हाई."

त्याच सकाळी आत्यानं नवस आठवून त्याला मारुतीला धाडलं. शेवंताचं सगळं नीट होऊ दे म्हणून अकरा प्रदक्षिणा घाल. सदबानं मारुतीला हात जोडले, उजवीकडे वळायला पाऊल उचललं, आणि थबकला. बहिणीच्या लग्नाचं काम. इथं गोल फिरून चरा पडला तर? मग तो मारुतीकडे पाठ करून सरळ निघाला.

सरळ रेघेत आधी गुरवाचा वांग्याचा वाफा होता. त्यापुढे भिकू कुंभाराचं घर होतं. सदबा पुढच्या दारानं आत गेला, भिकूच्या जेवणाच्या ताटावरून पाय उचलून टाकला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. त्यापुढे ओढा. ओढ्याला हात लावून तो त्याच रेघेत परत आला. ही एक प्रदक्षिणा झाली. दुसऱ्या वेळी भिकूची बायको ओरडली. तिसऱ्या वेळी भिकूनं कुत्रं सोडलं, पण कुत्रं सदबाला ओळखत होतं, तेही बरोबर निघालं. सहाव्या वेळी भिकूच्या बायकोनं दोन्ही दारं उघडी टाकली आणि चूल बाजूला ओढून घेतली. नवव्या वेळी तिनं त्याला जाता जाता चहा दिला, आणि येता येता कप घेतला. अकरावी पुरी झाली तेव्हा गुरवाच्या वाफ्यात एकही वांगं शिल्लक नव्हतं, पण वाट मात्र बैलगाडी जाईल अशी झाली होती.

गुरव आधीच पेटीमुळे तापला होता. तो भांडायला आला. आत्यानं त्याची समजूत घालून त्याला वाटेला लावलं आणि मग सदबाला देवासमोर उभं केलं.

"शपथ घे," ती म्हणाली. "मोटारीचं ते मोटारीला. दुसऱ्या कशालाच लावायचं न्हाई. मी माझ्या तोंडानं सांगितल्याबिगर न्हाई म्हंजी न्हाई."

सदबानं शपथ घेतली. घेतली म्हणजे घेतली. तो शब्दाचा पक्का होता, तेच तर सगळं दुखणं होतं.

शनिवारी मुबारकभाई स्वतः बाज घेऊन आला. सदबानं मोटार लिंबाच्या सावलीत लावली. मुबारकभाईनं शेवटची अक्कल दिली की एक बाजू करून दुसरी सोडायची नाही. एक चमकते, एक मळकट दिसते, आणि केलेलं सगळं वाया जातं. मग तो बाजेवर आडवा झाला.

आणि इथं एक नवल घडलं. साऱ्या गावाला वाटत होतं की सदबा आता मोटारीचा पत्राच काढून ठेवणार. बघायला माणसं जमली. पण ही अक्कल मोटारीची होती आणि समोर मोटारच होती. सदबानं एक बादली साबणाची घेतली, एक साध्या पाण्याची. आधी पाणी, मग हात. मोटार गार होऊ दिली. मागच्या चाकाजवळच्या कोपऱ्यात करून बघितलं. मग वडिलांच्या जुन्या धोतराची घडी, तिच्यावर हरभऱ्याएवढी पेस्ट, आणि पुढून मागे सरळ, हलका हात. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तो वळला नाही. एक बाजू, मग दुसरी बाजू. शेवटी धोतरावर खोबरेलाचा थेंब घेऊन पुसून काढलं.

आत्या दिवा घेऊन बाहेर आली. बॉनेटमध्ये दुसरी आत्या दुसरा दिवा घेऊन उभी होती. दोघींच्या डोळ्यांत एकदमच पाणी आलं. तिनं सदबाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. एवढ्या वर्षांत त्याच्यावरून कुणी बोटं मोडण्याची ही पहिलीच वेळ. शेवंतानं नुसतं मोटारीकडे बघितलं आणि भावाचा हात घट्ट धरला.

रविवारी लग्न. वऱ्हाड आलं. जगदाळेतात्या उतरले ते सरळ मोटारीकडे गेले. बॉनेटवर वाकले. फेटा नीट केला. मिशीचं डावं टोक वर केलं, मग उजवं. पाच मिनिटं झाली तरी उठेनात. शेवटी उत्तमनं मागून नुसतं खाकरून आठवण करून दिली की मुहूर्त माझा आहे. नवरदेव मोटारीत बसून मारुतीला गेला, मांडवात आला. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, सगळं कसं बिनबोभाट पार पडलं. नवरानवरीच्या उपरण्याची आणि शालूची गाठ बांधली. होमाच्या शेण्या, म्हणजे गोवऱ्या, रचल्या.

तेवढ्यात भटजींनी विचारलं की मुलीचा भाऊ कुठे आहे, कान पिळायचाय.

ही आपल्याकडची जुनी रीत. होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट नांदव, मागे मी उभा आहे, असा त्याचा अर्थ. मग वरपक्ष त्याला टोपी-उपरणं देतो, मागेल ते देतो. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

सदबा मात्र घाबरला. बहिणीच्या जन्माचा प्रश्न, आणि त्यानं कुणाचा कान कधी पिळला नव्हता. तो गर्दीतून वाट काढत आत्याकडे गेला आणि कसं करू म्हणून विचारू लागला. आत्याच्या एका हातात ओटीचं ताट, दुसऱ्या हातात विहीणबाईंचा हात, आणि डोक्यात जेवणाच्या पंगती. पण कालपासून तिच्या मनात भाच्याविषयी नुसतं कौतुक दाटलं होतं. ती मायेनं म्हणाली, "घाबरतुयास कशाला? मोटारीला केलंस न्हवं, अगदी तसंच कर. नीट, सावकाश."

सदबानं पुन्हा विचारून खात्री करून घेतली. "तुज्या तोंडानं सांगतीस?"

"माज्या तोंडानं सांगते," आत्या म्हणाली, आणि पंगतीकडे वळली.

सदबाचा जीव भांड्यात पडला. तो गेला आणि दोन बादल्या घेऊन आला.

एक बादली साबणाची होती, ती नवरदेवाच्या डोक्यावर ओतली. एक साध्या पाण्याची होती, ती तिच्यावर ओतली. मुंडावळ्या गळ्यात आल्या. होमाच्या शेण्या भिजल्या. भटजींच्या तोंडात मंत्र अर्धाच राहिला. उत्तम काही बोलला नाही. तो मुळातच कमी बोलणारा, आणि आता तोंडात पाणी होतं.

"दाजी, हितं उकाडा हाय. सावलीत चला," म्हणून सदबानं त्याला हाताला धरून मांडवाबाहेर काढलं आणि लिंबाखाली मोटारीशेजारी उभं केलं. गाठ बांधलेली होती, त्यामुळे मागोमाग नवरीही निघाली. नवरीमागे पोथी घेऊन भटजी निघाले. भटजींमागे सारं वऱ्हाड.

"गार व्हा," सदबा म्हणाला, आणि आता कोपरा कुठं सापडतो म्हणून त्यानं मांडवात नजर टाकली.

मांडव रिकामा झाला होता. फक्त एका कोपऱ्यात, लोकांच्या नजरेत येणार नाहीत असे, जगदाळेतात्या बसले होते. हातात पानाचा डबा होता आणि डब्याच्या झाकणात ते मिशा बघत होते. सदबा त्यांच्यापाशी गेला. धोतराच्या घडीवर हरभऱ्याएवढी पेस्ट घेतली, तात्यांचा उजवा कान धरला आणि पुढून मागे सरळ रेघेत, हलक्या हातानं घासला. "हलू नका तात्या, कोपरा बघतुया," तो म्हणाला. मग त्यानं कान उन्हाकडे करून पाहिला. जमलं होतं.

तात्यांना कळेपर्यंत तो लिंबाखाली पोचलाही होता. भटजी ओरडत होते, अरे पीळ, नुसता पीळ! पण पिळायचं म्हणजे गोल फिरवायचं. सदबा एवढा मूर्ख नव्हता. बहिणीच्या नवऱ्याला चरा पाडायचा? त्यानं नवरदेवाचा उजवा कान पुढून मागे, एका रेघेत, न वळता घासला. पेस्ट पुसली. खोबरेलाचा थेंब दिला. खोटं कशाला सांगू, कान चमकत होता.

मग तात्या आले. "बास!" ते गरजले. "हे लगीन हितंच..."

आत्याच्या हातातलं ओटीचं ताट खाली पडलं. सदबानं आत्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, आणि आपलं काहीतरी चुकलं हे त्याला पहिल्यांदाच कुणी न सांगता कळलं. त्याचे डोळे भरून आले. शेवंतासाठी एवढं केलं, आणि शेवंताचंच मोडत होतं.

तेवढ्यात एक बारीक आवाज आला. शेवंता शालूचा पदर तोंडात कोंबून हसत होती. आवरेना तेव्हा तिनं पदर सोडून दिला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. उत्तमनं तिच्याकडे बघितलं. एवढं मोकळं हसताना त्यानं तिला पहिल्यांदाच बघितलं होतं. अंगावरून पाणी गळत होतं, पण त्याला ते आवडलं. तो त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला. "तात्या, राहू द्या. ह्या कानानं लई चांगलं ऐकाय येतंय."

तात्या फणफणत मोटारीकडे वळले. कानाची पेस्ट पुसायची होती. बॉनेटवर वाकले आणि पुसता पुसता थांबले. मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे केली. बराच वेळ त्यांची पाठच लोकांना दिसत होती. मग ते सरळ झाले, आणि आवाज पुष्कळच खाली आला होता.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "मुलीच्या भावाचा मान हाय, दिला पायजे. बोल बाबा, काय पायजे तुला? घड्याळ माग, अंगठी माग, काय बी माग. पर आता सोड."

सदबानं नवरदेवाकडे नीट बघितलं. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. मग तात्यांकडे तसंच बघितलं. आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "दुसरा कान द्या. एक बाजू सोडली की फरक दिसतो."

कुणाला हसावं की पळावं कळेना. उत्तमनं मुकाट्यानं मान वळवून दुसरा कान पुढे केला. आणि त्याच्या मागे, फेटा थोडा वर सरकवून, जगदाळेतात्या नंबर लावून उभे राहिले.